कपड्यांतलें पाणी जातें कोठें?

आमच्या भंडारा जिल्ह्यांत पावसाचीं जीं अनेक रूपें दिसतात, त्यांपैकीं धानाला सर्वांत प्रिय आणि गृहिणीला सर्वांत अप्रिय असें रूप म्हणजे झड. सर आली, कोसळली आणि ऊन पडलें, असा हा पाऊस नव्हे. याला घाई नसते. आठ आठ दिवस तो बारीक धारेनें पडत राहतो. वैनगंगेचें पात्र रुंदावत जातें, बांध्यांत चिखल होतो, रोवणीला वेग येतो, आणि शेतकरी आभाळाकडे पाहून समाधानानें हात जोडतो. त्याच वेळीं घरांतली बाई दोरीवरचे कपडे चांचपून पाहते आणि म्हणते, "आजहि ओलेच!" एकाच पावसाविषयीं एकाच घरांत असे दोन अभिप्राय असूं शकतात. त्यांपैकीं दुसऱ्या अभिप्रायाविषयीं आज मी बोलणार आहें.

विषय दिसावयास क्षुल्लक आहे. ओले कपडे घरांत वाळत घालणें, यांत भाषण करण्यासारखें काय आहे, असें आपणांस वाटेल. मलाहि तसेंच वाटत असे. परंतु दोन वर्षांपूर्वींच्या श्रावणांत आमच्या घरीं जें घडलें त्यानें माझें मत बदललें.

माझ्या आईला दम्याचा जुना विकार आहे. उन्हाळ्यांत तिला फारसा त्रास होत नाहीं. पावसाळा लागला कीं मात्र कित्येक रात्री उशांना टेकून बसून काढाव्या लागतात. त्या वर्षीं झड दहा दिवस हलली नव्हती. घरांतली सर्वांत मोठी आणि चांगला पंखा असलेली खोली आईची. म्हणून कपडे वाळविण्याचा मानहि त्याच खोलीला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर पांच माणसांचे कपडे, आणि त्यांच्या खालीं आईची खाट. कपड्यांचें पाणी तिच्या अंगावर टपकूं नये म्हणून आम्ही ते घट्ट पिळून घेत होतों. एवढें केलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, अशी आमची समजूत! एका रात्रीं तिला इतका दम लागला कीं डॉक्टरांना घरीं बोलवावें लागलें. त्यांनीं औषध दिलें. तिला जरा आराम पडल्यावर त्यांनीं खोलीभर नजर फिरविली, कपाटामागच्या भिंतीवरचे काळे ठिपके पाहिले, आणि मला विचारलें, "या कपड्यांतलें पाणी जातें कोठें?"

मी म्हणालों, "वाळून जातें."

ते म्हणाले, "वाळून कोठें जातें?"

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मीं एक साधा प्रयोग केला. धुऊन पिळलेले कपडे दोरीवर घालण्यापूर्वीं वजनकाट्यावर ठेवले. साडेसात किलो भरले. दीड दिवसानें ते कसेबसे वाळल्यावर पुन्हां तोलले. साडेचार किलो भरले. म्हणजे तीन किलो, अर्थात् तीन लिटर पाणी त्या खोलींत कोठें तरी गेलें होतें. पावसाचे तुषार येतात म्हणून खिडक्या आम्हींच लावून घेतल्या होत्या. आईच्या खोलींत रोज तीन लिटर पाणी शिंपा, असें कोणी सांगितलें असतें तर आम्ही त्याला वेड्यांत काढलें असतें. आणि तेंच काम आम्ही कपड्यांच्या हातून नित्यनेमानें करीत होतों.

आतां हवेला पाणी किती पेलतें तें पाहूं. २० अंश उष्णमानाची हवा एका घनमीटरांत सुमारें १७ ग्रॅम बाष्प धरूं शकते. ३० अंशांवर सुमारें ३०, आणि ४० अंशांवर सुमारें ५१ ग्रॅम. हवा जितकी उष्ण तितकें तिचें पात्र मोठें. त्या पात्राचा शेंकडा किती भाग भरला आहे, यालाच सापेक्ष आर्द्रता म्हणतात. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशा खोलींत सुमारें ३४ घनमीटर हवा असते. पावसाळ्यांतल्या २८ अंशांवर ही सारी हवा पूर्ण भरली तरी तिच्यांत एक लिटरहून कमीच पाणी मावेल. आणि झडीच्या दिवसांत तें पात्र आधींच जवळजवळ काठोकाठ भरलेलें असतें. त्यांत आणखी तीन लिटर ओतले तर तें जाणार कोठें? कांहीं फटींतून बाहेर जाईल; बाकीचें गादींत, रजईंत, पुस्तकांत, आणि जेथें वारा पोहोंचत नाहीं त्या कपाटामागच्या भिंतींत मुरेल. तेथें बुरशी धरते. बुरशीचे सूक्ष्म कण हवेंत तरंगतात. गादींतल्या धुळींत डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात. आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला या दोहोंचाहि त्रास होऊं शकतो. आपणांला नुसता कुबट वास येतो, त्याची रात्र मात्र बसून जाते.

यांत एक गंमत आहे. मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा भट्टीसारखी कोरडी होते. तेव्हां हवेंत पाणी मिसळावें म्हणून आम्ही धडपडतों. पूर्वीं दारांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी मारीत; हल्लीं घरोघरीं कूलर आहेत. पाणी उडून जातांना उष्णता घेऊन जातें म्हणून वारा गार लागतो. जुलैमध्यें मात्र हवा पाण्यानें भरलेली असते. तेथें कूलर गारवा देऊं शकत नाहीं, नुसता दमटपणा वाढवितो. असें असूनहि वाऱ्याच्या सवयीनें पुष्कळ घरांत तो पंपासकट चालूच असतो. तेव्हां पहिली सूचना, आणि तिला पैसा लागत नाहीं: पाऊस सुरू झाला कीं कूलरचा पंप बंद करावा आणि टांकी रिकामी करून पुसून ठेवावी. त्यानें डांसांचेंहि एक घर मोडेल.

आपले पूर्वज या बाबतींत अगदीं अजाण नव्हते. वाग्भटानें अष्टांगहृदयांत ऋतुचर्या सांगतांना वर्षाऋतूंत धुरी दिलेले कपडे वापरावे आणि जमिनीच्या वाफेपासून व तुषारांपासून दूर, माडीवर राहावें, असें सांगितलें आहे. आपल्या आज्या शेगडीवर वेताचा किंवा बांबूचा टोपला उपडा घालून त्यावर बाळाचीं दुपटीं वाळवीत, तें याच परंपरेंतलें. शिवाय जुन्या कवेलूंच्या घरांना आढ्यापाशीं शेंकडों फटी असत. चुलीची ऊब वर चढे आणि तिच्याबरोबर दमट हवाहि बाहेर पडे. तीं घरें गळत असत हें खरें, परंतु तीं श्वासहि घेत असत. आतां आपण सिमेंटचें छत घातलें, खिडक्यांना घट्ट कांचा बसविल्या, चूल गेली, शेगडी गेली. पावसाचें पाणी बाहेर राहिलें, पण घरांत निर्माण होणारें पाणी आंत कोंडलें गेलें. म्हणून जुना उपाय नव्या घरांत तसाच करूं नये. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवणें प्राणघातक आहे. तिच्या धुरांतला कार्बन मोनॉक्साइड हा वायु वासावरून कळत नाहीं आणि झोपेंतच माणसाचा घात करतो.

मग उपाय काय? येथें दमटपणा काढणारें यंत्र, ज्याला बाजारांत डीह्युमिडिफायर म्हणतात, तें उपयोगीं पडतें. नांव अवघड असलें तरी त्याचें तत्त्व भंडाऱ्याच्या माणसाला समजावून सांगावें लागू नये. आमचें गांव पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. पितळेच्या तांब्यांत बर्फाचें पाणी भरून तो पावसाळ्यांत ओट्यावर ठेवा. थोड्याच वेळांत त्याच्या बाहेरच्या अंगाला थेंब जमतात आणि ओघळूं लागतात. तांब्या झिरपत नाहीं. तें पाणी हवेंतलें असतें. तांब्याला टेंकलेली हवा थंड झाली, तिचें पात्र लहान झालें, आणि न मावणारें पाणी बाहेर सांडलें. यंत्रांतहि हेंच घडतें. एक पंखा खोलींतली हवा ओढून गार नळ्यांवरून नेतो. बाष्पाचें पाणी होऊन तें खालच्या डब्यांत पडतें. आणि कोरडी झालेली हवा दुसऱ्या, उष्ण नळ्यांवरून खोलींत परत येते. नळ्या गार ठेवण्यासाठीं फ्रिजमध्यें असतो तसाच कॉम्प्रेसर असतो.

आपणांला नवल वाटेल, पण आजच्या वातानुकूलनाचा आरंभ मुळांत माणसाच्या गारव्यासाठीं झालेला नाहीं. १९०२ सालीं अमेरिकेंतील ब्रुकलिन येथें एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगत असे, आकसत असे, आणि एकावर एक छापावयाचे रंग जुळत नसत. विलिस कॅरियर नांवाच्या तरुण इंजिनिअरनें गार नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यांतलें पाणी आटोक्यांत आणण्याची योजना केली. कागदासाठीं जें केलें गेलें त्याचा लाभ पुढें माणसांना मिळाला.

आतां माझी फजिती सांगतों, म्हणजे आपली टळेल. डॉक्टरांच्या प्रश्नानंतर मीं घाईघाईनें एक यंत्र मागविलें. तें दिसावयास देखणें, आवाज जवळजवळ नाहीं, किंमतहि बेताची. रात्रभर चालविलें आणि सकाळीं डबा काढून पाहिला, तर त्यांत वाटीभर पाणी! रोज तीन लिटर ओतणाऱ्या घरांत वाटीभर पाणी काढणारें यंत्र म्हणजे तळें उपसण्यासाठीं चमचा. मागाहून कळलें कीं त्यांत कॉम्प्रेसर नसून विजेनें गार होणारी एक लहानशी चकती असते. बंद कपाटाला तें पुरेल, खोलीला नाहीं. लहान आकार आणि अल्प शक्ति या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कॉम्प्रेसर असलेलें यंत्रहि हल्लीं लहानशा तिजोरीएवढें आणि चाकांवर सरकणारें मिळतें. त्याची किंमत दहा-वीस हजार रुपयांच्या घरांत असते, म्हणून घेण्यापूर्वीं त्यावरचा आंकडा नीट वाचावा. 'दिवसाला १२ लिटर' असें लिहिलेलें असतें तें बहुधा ३० अंश उष्णमान आणि शेंकडा ८० आर्द्रता असतांना मोजलेलें असतें. हवा जसजशी कोरडी होते तसतसें हातीं येणारें पाणी कमी होत जातें. तो यंत्राचा दोष नव्हे.

यंत्राच्याहि आधीं मात्र एक आर्द्रतामापक घ्यावा. तो चारपांचशें रुपयांत मिळतो. सरकारी खरेदीकेंद्रावर धानांत शेंकडा १७ पेक्षां अधिक ओलावा निघाला तर धान घेत नाहींत, हें आमच्या जिल्ह्यांतल्या लहान मुलालाहि ठाऊक आहे. धानाचा ओलावा आपण यंत्रानें मोजतों. ज्या हवेंत आपलीं मुलें झोंपतात तिचा ओलावा मात्र नुसत्या नाकानें अजमावतों! घरांतली आर्द्रता शेंकडा ५० ते ६० च्या दरम्यान असावी. ती दिवसेंदिवस ७० च्या वर राहूं लागली कीं बुरशीला आमंत्रण गेलें असें समजावें.

आतां वापरण्याची रीत. कपडे वाळविण्यासाठीं एक लहान खोली ठरवावी, आणि तींत कोणी झोंपत नसावें. हा नियम यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. कपडे दोऱ्यांवर एकावर एक न घालतां मध्यें वीतभर अंतर सोडावें. जाड कपडे कडेला, यंत्राच्या वाऱ्याच्या वाटेंत ठेवावे. यंत्र भिंतीपासून फूटभर दूर असावें आणि कपड्यांचें पाणी त्यावर टपकूं नये. मंद गतीनें पंखा लावावा. यंत्र चालू असतांना दार आणि खिडक्या बंद असाव्या. एरवीं आपण साऱ्या भंडाऱ्याची हवा वाळविण्याचा उद्योग आरंभिला असें होईल! कपडे सहा-आठ तासांत वाळले पाहिजेत. कपडा दीड दिवस ओला राहिला कीं त्यांत जंतु वाढतात आणि तो घाण वास धरतो. मग अत्तर लावूनहि तो वास जात नाहीं.

अशा यंत्राला साधारण दोनशें ते अडीचशें वॅट वीज लागते. म्हणजे आठ तासांस दोन युनिटांच्या आंत-बाहेर खर्च. त्यानें खोली दोन-चार अंशांनीं तापते. तें कपड्यांना मानवतें, माणसांना मानवत नाहीं. कपड्यांची खोली वेगळी असावी याचें हें दुसरें कारण. वीज गेली आणि लगेच आली तर तीन-चार मिनिटें थांबून मग यंत्र सुरू करावें. जाळी पंधरा दिवसांनीं धुवावी. डब्यांतलें पाणी स्वच्छ दिसलें तरी तें पिऊं नये, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरींतहि घालूं नये. त्यांत धूळ, जंतु आणि नळ्यांच्या धातूचा अंश असूं शकतो. फरशी पुसावी, झाडांना घालावें. ज्यांच्या घरीं वातानुकूलन यंत्र आहे त्यांनीं तें 'ड्राय' या खुणेवर लावून पाहावें. कदाचित् नवीन खरेदीची गरजच पडणार नाहीं.

यंत्राकडून भलत्या अपेक्षाहि करूं नयेत. छत गळत असेल, न्हाणीघराची भिंत पाझरत असेल, तर आधीं गवंडी बोलवावा. झालेली बुरशी यंत्रानें जात नाहीं. ती नाकातोंडाला फडकें बांधून पुसून काढावी लागते, आणि तें काम दमेकऱ्याला सांगूं नये. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर येऊन भंडारा शहरांतल्या कित्येक घरांत पाणी शिरलें होतें. पूर कांहीं दिवसांत ओसरला, पण भिजलेली विटांची भिंत दिवसांत नव्हे, महिन्यांत वाळते. अशा वेळीं यंत्राची मदत मोठी होते. तथापि भिंतीवरचा फुगलेला गिलावा तसाच ठेवून किंवा घाईनें रंग चढवून तो ओलावा आंत कोंडला तर यंत्र बिचारें काय करणार?

हें यंत्र सर्वांना परवडणार नाहीं, आणि सर्वांनीं तें घ्यावें असा माझा आग्रहहि नाहीं. ज्यांच्याजवळ तें नाहीं त्यांनीं नेमकें उलट करावें, म्हणजे खिडक्या उघड्या ठेवाव्या. कपडे वाळत असलेल्या खोलीची हवा बहुधा बाहेरच्या पावसाळी हवेहूनहि अधिक पाणी बाळगून असते. तिला वाट मिळाली पाहिजे. कपडे पडवींत किंवा खिडकीपाशीं घालावे आणि पंखा असा ठेवावा कीं वारा बाहेरच्या दिशेनें जाईल. जुन्या घरांत छताला टांगलेली दांडी असे आणि काठीनें तिच्यावर लुगडीं पसरीत; ती पद्धत पुन्हां धरण्यासारखी आहे, कारण वरची हवा अधिक ऊबदार असते. उघाड मिळाली कीं गाद्या उन्हांत टाकाव्या, कपाटें भिंतीपासून चार बोटें पुढें ओढावीं, आणि आंधळगांव-मोहाडीच्या करवती कांठाच्या कोशाच्या साड्या घडी मोडून वाऱ्यावर धराव्या. आणि शेजाऱ्यांचा सलोखा असेल तर चार बिऱ्हाडांनीं मिळून एक यंत्र घ्यावें. लग्नकार्यांत मोठीं पितळी पातेलीं आपण एकमेकांकडून आणीत होतोंच कीं!

आईविषयीं सांगावयाचें राहिलें. यंत्रानें तिचा दमा बरा झाला, असें मी म्हणणार नाहीं. तिचीं औषधें चालूच आहेत, आणि डॉक्टरांच्या जागीं यंत्र नेऊन ठेवूं नये. परंतु तिच्या खोलींतल्या दोऱ्या आम्हीं काढल्या, कपाट पुढें ओढलें, भिंत स्वच्छ केली, आणि कपड्यांना मागची अडगळीची खोली दिली. गेल्या पावसाळ्यांत तिला रात्रीं उठून बसावें लागलें तें दोनदांच. रोज सकाळीं मी मागच्या खोलींतला डबा काढून अंगणांत रिकामा करतों. झडीच्या दिवसांत त्यांत तीन लिटर तरी पाणी असतेंच. पूर्वीं हें पाणी आईच्या खोलींत जात होतें, एवढें मला त्या वेळीं आठवतें.

श्रोतेहो, पुढच्या झडींत आपणहि ओले कपडे एकदां तोलून पाहा, आणि वाळल्यावर पुन्हां तोला. जो फरक निघेल तेवढें पाणी आपल्या घरांत कोठें गेलें, कोणाच्या खाटेपाशीं गेलें, हें शोधून काढा. उत्तर मिळालें कीं पुढें काय करावयाचें तें आपलें आपणांसच सुचेल.